फोन आधी कोण ठेवतं

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सायबर जागृतीचं काम माझ्या गळ्यात पडलं. सरकारची पत्रकं यायची, फोन लावला की आधी तीच सूचना ऐकू यायची, पण ऐकतो कोण? मी मात्र ऐकायला लावायचे. शाळेत तीस वर्षं पोरं हाकली, म्हातारी माणसं काय अवघड?

माझी पद्धत साधी होती. फसलेल्या माणसांची नक्कल करायची. मोबाईलवर खोटा पोलीस दिसतो, म्हणतो तुम्हाला घरातच अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. असेच एक निवृत्त मुख्याध्यापक दोन दिवस बसून राहिले आणि पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागत होते, असं मी भाजीच्या गाडीवर ऐकलेलं. ते हात जोडून ‘सर, पाणी पिऊ का?’ म्हणायचे, तसं मी करून दाखवायचे. कट्टा हसून हसून लोळायचा. मला वाटायचं, हसले म्हणजे लक्षात राहील.

एकदा ताईसुद्धा आली होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, डोंबिवलीत एकटी राहते. लग्न केलं नाही. सगळी नोकरी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, कानाला हेडफोन लावून. तिथला नियम होता की समोरचा ठेवेपर्यंत आपण लाईन कापायची नाही. तो तिच्या अंगात इतका मुरला की घरीही ती कधी आधी फोन ठेवत नसे. रॉंग नंबर असला तरी नाही. ‘ठेव आता तू,’ म्हणायची आणि मी ठेवायचे. आयुष्यभर असंच. त्या दिवशी कट्ट्यावर तीही पदर तोंडाला लावून हसली. मला फार बरं वाटलं होतं.

मग एका गुरुवारी मी तिला नेहमीसारखा फोन केला. शनिवारी येते, अळूवड्या आणते, असं सांगत होते. ती हो नाही म्हणेना. ‘बरं, ठेवते,’ म्हणाली आणि खाडकन फोन बंद.

मी फोनकडे बघतच राहिले. आणि मला काय झालं? राग आला. नाकावरच असतो माझ्या. आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, मी अळूची पानं शिरा काढून पुसत बसायचं आणि बाईसाहेब फोन आपटणार. हे म्हणाले, अगं, ती असं करत नाही, जाऊन ये एकदा. मी म्हटलं, मी काय म्हणून जायचं? फोन तिने आपटलाय, तीच करेल. शुक्रवार अख्खा मी फुगून बसले. तो शुक्रवार मला आजही गिळता येत नाही.

शनिवारी मात्र सकाळी मला राहवेना. वड्या केल्याच नाहीत, तशीच निघाले. तिच्या दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या. एक फुगलेली, आंबलेली. ताई आणि दूध बाहेर? दूधवाल्याची सायकल वाजायच्या आधी दारात उभी राहणारी बाई ती.

बेल वाजवली. बराच वेळ कुणी येईना. मग आतलं दार उघडलं, जाळीचं तसंच राहिलं. ताईचे केस विंचरलेले नव्हते, साडी चुरगळलेली. ती जाळीपलीकडून माझ्याकडे बघत होती आणि ओळख दाखवत नव्हती. ‘आज नको,’ एवढंच म्हणाली. तिच्या मागे जेवणाच्या टेबलावर मिसळणाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा होता. त्यातून पुरुषाचा आवाज आला.

‘कौन है वहाँ?’

ताई मागे वळून म्हणाली, ‘पड़ोसन है, सर.’

मी शेजारीण! माझ्या सख्ख्या बहिणीने मला शेजारीण म्हटलं आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चाळीस जणांना मी जे करून दाखवत होते, ते समोर उभं होतं आणि हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हळूच म्हटलं, ताई, फोन बंद कर, ते खोटे आहेत. तिने मान हलवली. मला ठेवता येत नाही गं, असं इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला जाळीला कान लावावा लागला. दार उघड म्हटलं, तर परवानगी विचारायला ती परत टेबलाकडे वळली.

तिच्या घरात मोबाईलला रेंज येत नाही, सगळं वायफायच्या डब्यावर चालतं, हे मला माहीत होतं. डबा मीच बसवून घेतला होता. मी जिना धडाधडा उतरले, खालच्या मीटरच्या पेटीत तिच्या नावाची पट्टी शोधली आणि मेन स्विच खाली ओढला. वर आले तेव्हा पंखा फिरत फिरत थांबत होता. ताई काळ्या मोबाईलसमोर उभी होती.

‘लाईन तुटली,’ ती म्हणाली. मग तिने दार उघडलं.

पुढचं पोलीस, हेल्पलाइन, बँक, सगळं झालं. तिच्या दोन ठेवी होत्या. पहिली शुक्रवारी दुपारी मोडून गेली होती. दुसरी सोमवारी मोडायची होती, ती वाचली. शुक्रवारी दुपारी मी घरी रुसून बसले होते.

रात्री तिला वरणभात भरवताना मी विचारलं, अगं, बँकेत जाताना तरी मला फोन करायचास, मी हेच तर शिकवते ना? ती घास गिळून शांतपणे म्हणाली, ‘तू पुढच्या महिन्यात माझी नक्कल केली असतीस. आणि सगळे हसले असते. मीही हसले होतेच की.’

मी पुढचा घास कालवला.

पुढच्या महिन्यात कट्ट्यावर मंडळी म्हणाली, ते पाणीवाले मुख्याध्यापक होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, ते बंद. फसलेल्याला हसायचं नाही, तो मग दार लावून घेतो. दोघीतिघींनी खाली बघितलं आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. इतके महिने त्या इथेच बसत होत्या, आणि मी हसणारेच मोजत होते.

आता ताईला रोज सकाळी फोन करते. बोलून झालं की ती म्हणते, ठेव तू. मी लगेच ठेवत नाही. तिच्या मागे काय ऐकू येतंय ते ऐकते. भांडी, कुकर, कावळा.

परवा मागे पुरुषाचा आवाज आला. मी विचारलं, कोण आहे गं? ती म्हणाली, ‘कुणी नाही, शेजारी आलेत.’

मी फोन चालूच ठेवला, आणि पायात चपला सरकवल्या.