वाकला तो बाद

उन्हाळ्याच्या सुट्टीत आयाबाया पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात आणि गल्लीतली पोरं माझ्या शेजारच्या म्हातारीकडे ठेवतात. तिचा खेळ एकच. पोरांनी चिंचेखाली वाकून चिंचोके वेचायचे. ती "उठा" म्हणाली की पाठीला पाठ लावून ताठ उभं राहायचं. वाकला तो बाद. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे ती पोरांना सांगत नाही.

परवा ती नेहमीसारखंच हळू "उठा" म्हणाली. पोरं खिदळत उभी राहिली. मी ओट्यावर होतो. वारा नसताना नाल्याकाठचा बांबू हलला, मग थांबला.

"वेचा आता," ती म्हणाली.

आज पोरं खेळासाठी मागं लागली. ती बांबूकडे बघत होती.

"थांबा रे पोट्टेहो. त्याले येऊ द्या, मंग खेळू."