बुऱ्हाणपूरचं मैदान बघायला लीगवाले आले

कैलासचा फोन आला तेव्हा मी नाशिकला स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. "वैशू, लीगवाले येऊन राहिले आपलं मैदान पहायला. तू ये. गोलकीपरशिवाय टीम कशी ना भो?" मी शेवटचा गोल अडवला त्याला पस्तीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर अडवलाही नव्हता, चेंडू माझ्या अंगावर येऊन आदळला होता. पण वांगी तशीच ठेवून मी आधी तिकीट काढलं.

फुटबॉलशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका व्यावसायिक लीगला मोठ्या शहरांचा कंटाळा आला असावा. आता लहान शहरांमध्ये नवे संघ द्यायचे, असं त्यांनी ठरवलं. आमच्या पट्ट्यातल्या तीन गावांची नावं यादीत होती आणि त्यात बुऱ्हाणपूर होतं. आधी मैदान बघणार, पसंत पडलं तर मग स्टँड, दिवे, सगळं. आणि हे मैदान म्हणजे आमच्या नानांचं मैदान.

नाना म्हणजे आमचे पी.टी.चे सर. मी त्यांच्या टीममधली एकुलती एक मुलगी. मला गोलमध्ये उभं केलं ते हुशारीमुळे नव्हे, तर पळायचा कंटाळा होता म्हणून. तापीकाठची काळी माती पावसात अशी धरते की चप्पल आत राहते आणि पाय बाहेर येतो. नानांनी पोरांना हाताशी धरून ते मैदान फूटभर खणलं, खाली फुटक्या कौलांचे तुकडे पसरले, वर तापीची वाळू, मग मातीचा पातळ थर, आणि कडेने नदीकडे उतरणाऱ्या नाल्या. त्यात दोन उन्हाळे गेले. पण त्यानंतर धो धो पाऊस पडून गेला तरी अर्ध्या तासात आम्ही खेळायला उतरायचो. तुकईथडकडून बसने येणारी पोरं हे बघून चाट पडायची. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाची आयुष्यभराची कमाई म्हणजे हे मैदान, आणि त्याचं नाव लीगमध्ये लागावं एवढीच त्यांची इच्छा होती.

आता प्रवासाचं. नाशिकहून भुसावळमार्गे सकाळची गाडी धरली तर दुपारी बुऱ्हाणपूर येतं. गाडी जलद असेल याची खात्री करा, नाहीतर वाटेत प्रत्येक खांबाची विचारपूस होते. उतरायची लगबग वेळेवर करा, डुलकी लागली तर चांदनी-नेपानगरकडे निघून जाल. माझ्या मावशीने हे दोनदा केलंय. रावेर सोडलं की दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात आणि मी खिडकीला नाक लावते. आमचं घर विकून वीस वर्षं झाली, गावात आता माझं कुणी नाही, तरी लावतेच. स्टेशन शहराबाहेर आहे, ऑटोवाले शंभर-दीडशे सांगतात, आधी ठरवून मग बसा.

मला ऑटो लागली नाही. कैलास मोटरसायकल घेऊन उभा होता. हा आमचा फुलबॅक. समोर चेंडू असो की माणूस, लाथ घालायची एवढंच त्याला माहीत. आता पोट सुटलंय, मैदानाला लागूनच त्याची केळीची बाग आहे. त्याने सामानही ठेवू दिलं नाही, थेट मैदानावर नेलं.

"पाय आता!" तो म्हणाला. आमच्याकडे 'पहा'चं 'पाय' होतं.

मी बघतच राहिले. आमचं ते करड्या रंगाचं, कडेकडेने टक्कल पडलेलं मैदान हिरवंगार झालं होतं. नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे इंदूरला गेले होते. ते परत यायच्या आत कैलासने त्यांना चकित करायचं ठरवलं होतं.

"सहा ट्रॉली गाळ टाकला नदीचा," तो बोटांवर मोजत सांगू लागला. "वरून शेणखत. मंग तीन दिवस मोटर चालू ठेवली. केळीला देतो तसंच पाणी दिलं, काही कसर सोडली नाही. घास कशी तरारली पाय!"

मी म्हटलं, "वा!" आणि म्हणताना माझी टाच हळूच खाली गेली. पाणी खाली मुरलेलं नाही, हे मला कळलं. पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मी गप्प राहिले, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी इतवाऱ्यात, आमच्या जुन्या मोहल्ल्यात, फिरलो. आमच्या घराच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान आहे. शेजारच्या शिवणाऱ्या काकांच्या ओट्यावर त्यांचा मुलगा त्याच मशीनवर बसलेला दिसला, त्याने मला ओळखलं नाही आणि मीही ओळख काढली नाही. इथे आलात तर मावा जिलबी खाल्ल्याशिवाय जाऊ नका. काळपट, जाड आणि गरम असते, दोन खाल्ल्या की रात्रीच्या जेवणाचे पैसे वाचतात. दराबा मात्र बांधून घ्या. रवा, साखर आणि तुपाचं हे प्रकरण घरी जाईपर्यंत टिकतं, म्हणजे टिकू दिलं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना इंदूरच्या बसमधून उतरले ते काळा चष्मा लावूनच. मला बघून म्हणाले, "आलीस? ग्लोव्हज आणलेस का?" मी हसले. मग त्यांनी मैदानात पाऊल टाकलं आणि थांबले. खाली वाकले, चिमूटभर माती बोटांत चोळली, हुंगली. कैलास मागून विचारत होता, "कसं वाटून राहिलं नाना?" नानांनी माती धोतराला पुसली आणि म्हणाले, "हिरवं झालंय रे." एवढंच. कैलासची छाती फुगली आणि तो पाहुण्यांच्या नाश्त्याच्या मागे गेला.

लीगचे तिघं दहाला आले. त्यांच्यातला मोठा साहेब पांढऱ्या बुटांत होता. त्याने मध्यावर उभं राहून चेंडू डोक्याच्या वर धरला आणि सोडला. चेंडू किती उसळतो हे ते मोजपट्टीने मोजतात. मोजपट्टी लागलीच नाही. चेंडू थप्पकन पडला आणि पडला तिथेच बसला. त्याने चार जागी करून बघितलं. पाचव्या जागी जाताना त्याचा बूट घोट्यापर्यंत आत गेला.

"बारिश हुई थी क्या यहाँ?" त्याने विचारलं.

"नहीं," नाना म्हणाले.

"फिर इतना पानी किसने दिया?"

मी नानांकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. वरचा गाळ काढतो, खाली कौलं आहेत, वाळू आहे, आठ दिवसांनी या. पण मग पुढचा प्रश्न आला असता, हे केलं कुणी. कैलास तिकडे मांडवात दराब्याच्या बशा मांडत होता, आणि आजूबाजूला निम्मं गाव उभं होतं.

"मैंने दिया," नाना म्हणाले. "मेरी गलती है."

साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं. नाश्ता मात्र तिघांनी पोटभर केला. ते गेल्यावर कैलास खूश होता. "साहेबाचे बूट भरले ना चिखलानं! पण घास पाहून दंग झाले बरं का."

दुपारी नाना मला कुंडी भंडाऱ्याला घेऊन गेले. जमिनीखालून गावाला पाणी पुरवणारी ही शेकडो वर्षांपूर्वीची व्यवस्था आहे. लिफ्ट चालू आहे का हे विचारूनच जा, आणि आत जाताना कपडे भिजले तरी चालतील असे घाला. ऑपरेशनमुळे नाना वरच बसले. मी एकटी खाली उतरले. थंडगार अंधारात गुडघाभर स्वच्छ पाणी आपलं आपण वाहत होतं. शाळेत असताना नाना आम्हाला इथे आणायचे आणि सांगायचे, बघा, पाण्याला वाट करून दिली की ते गुण्यागोविंदाने राहतं. मैदानाच्या नाल्या त्यांना इथेच सुचल्या होत्या. वर आले तेव्हा माझे डोळे ओले होते, आणि नशिबाने मी सगळीच ओली होते.

"नाना, तुम्ही आळ का घेतलात?" मी विचारलं.

"तीन दिवस त्याची मोटर मैदानावर चालू होती, तोच सांगत होता," ते म्हणाले. "म्हणजे त्याची केळी तीन दिवस तहानलेली होती. त्या पोराने स्वतःच्या बागेचं पाणी तोडून मला दिलं. त्याला काय सांगू, की तू माझं मैदान बुडवलंस?"

मग उठता उठता म्हणाले, "तू पण काही बोलायचं नाहीस."

नाशिकला परत येऊन तीन आठवडे झाले तेव्हा निकाल लागला. संघ दुसऱ्या गावाला गेला. नानांनी मला फोनवर पत्र वाचून दाखवलं. कारण एकच दिलं होतं, मैदानात पाण्याचा निचरा होत नाही. ज्या मैदानाची अख्ख्या पट्ट्यात ख्याती होती ती निचऱ्यासाठी, त्याच्याबद्दल कागदावर हे लिहिलं गेलं. मी रडले. नाना म्हणाले, "अगं, गाळ काढायला घेतलाय मी. पोरं येतात शाळा सुटल्यावर. पावसाळ्याच्या आत होईल." कैलासला त्यांनी सांगितलं होतं की गावात चांगलं हॉटेल नाही म्हणून आपला नंबर हुकला, आणि गाळ त्याच्या केळीला लागेल म्हणून काढतोय.

हे मी इथे लिहिते आहे कारण कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. माणसांची सगळी नावं बदलली आहेत, शिवाय कैलास केळीचे भाव सोडून काही वाचत नाही. डब्यातला दराबा संपला. नाशिकमध्ये इतकी वर्षं राहूनही "तुमचं गाव कोणतं" म्हटलं की माझ्या तोंडून अजून बुऱ्हाणपूरच निघतं. घर नसलं तरी तिथे मैदानाखाली कौलांचे काही तुकडे मी टाकलेले आहेत, म्हणून असेल.

परवा कैलासचा फोन आला. आवाजात तोच जुना जोर. "वैशू, बागेच्या कडेला दोन रूम काढून राहिलो. एसी, गीझर, सगळं. पुढच्या वेळी लीगवाले आले की माझ्याकडेच थांबतील. हॉटेलचं टेन्शनच खतम!"

मी पुन्हा "वा!" म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच नानांना लावला. "नाना, तो खोल्या बांधतोय. आता तरी त्याला खरं सांगा."

नाना मैदानावरच होते. मागे फावड्यांचा आवाज येत होता.

"बांधू दे," ते म्हणाले. "चांगल्या बांधेल तो. पुढच्या वेळी पाणी तेवढं मी देईन."