पहिली ढालकरीण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आई शेवटच्या आजारात सारखी म्हणायची, मनात काही असेल तर बोलून टाक गं, हलकं वाटतं — तिलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते विचारू नका. मलाही ते नीट ठाऊक नाही.

आमच्या कॉलेजात एक ढाल आहे. अष्टपैलू खेळाडूची ढाल. सागवानी, मधे पितळेचा वाघ, आणि कडेनं दरवर्षीच्या विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. ती मिळवणाऱ्याला पोरं ढालकरी म्हणतात. लग्नपत्रिकेत नावापुढे 'ढालकरी' छापून घेतलेले महाभागही मी पाहिलेत. हसू नका, कोल्हापुरात हे चालतं.

ढाल सुरू केली ती पहिल्या प्राचार्यांनी. ते तालमीतले गृहस्थ. नुसतं पळणाऱ्याला किंवा नुसती कबड्डी खेळणाऱ्याला ती मिळायची नाही. धावणं, एक उडी नाहीतर फेक, एक सांघिक खेळ आणि पोहणं, या सगळ्यांत मिळून गुण; मुलामुलींच्या शर्यती वेगळ्या, पण गुणांची यादी एकच. ज्याला पाणी कापता येत नाही तो अष्टपैलू कसला, असं ते म्हणत. आणि त्यांनीच एक रीत घालून दिली. मागच्या वर्षीच्या ढालकऱ्यानं पुढच्यांना तयार करायचं. जो येऊन 'शिकव' म्हणेल त्याला शिकवायचं, नाही म्हणायचं नाही. आणि बक्षीस समारंभात नव्या ढालकऱ्याच्या डोक्याला फेटा बांधायचा तोही त्यानंच.

मुलींना ढालीची बंदी कधीच नव्हती. फक्त एकाही मुलीला पोहता येत नव्हतं. मग बंदी घालायची गरजच काय?

या वर्षी कॉलेजनं ढालीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी तिथलीच क्रीडाशिक्षिका, आता निवृत्त. मी लिहिला. छान लिहिला, असं सगळे म्हणतात. त्यात माझा फोटोही आहे, फेटा बांधलेला. खाली छापलंय — ढाल पटकावणारी पहिली विद्यार्थिनी. दर महिला दिनाला कुणी ना कुणी मला हार घालतं आणि मी तो घालून घेते. मानसुद्धा जरा पुढे करते.

पहिली मी नव्हते. म्हणजे — मी व्हायला नको होते. ती शालन होती.

शालन कागलजवळच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. घरी म्हशी, थोडा ऊस, थोरला भाऊ आण्णा आणि वडिलांची विधवा बहीण, आत्ती. आईबाप लहानपणीच गेलेले. मी मंगळवार पेठेतली, मास्तरांची मुलगी. तिला मैदानावर मीच आणलं. कॉलेजच्या पायऱ्या एका दमात चढताना तिला बघितलं आणि म्हटलं, पळतेस का? ती म्हणाली, "पळतो की. त्यात काय हाय?" आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारख्या. पळायचीही तशीच. अनवाणी, ओढणी कमरेला गच्च बांधून.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी ठरवलं, ढालीला उतरायचं. ढालकरी त्या वर्षी विलास होता. रीतीप्रमाणे आम्ही त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिलो, शिकव म्हणालो. तो कानापर्यंत लाल झाला, पण नाही म्हणाला नाही. शहराबाहेर त्याच्या मामाच्या मळ्यात विहीर होती. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्ही पाण्यात, आणि विलास वर काठावर दोरी धरून. तो कधी पाण्यात उतरलाच नाही. आम्ही ओल्या कपड्यांनी वर यायला लागलो की दोरी खुंटीला बांधून उसाच्या आड निघून जायचा आणि तिकडून ओरडायचा, "झालं का गं?" दोरी माझ्या बाबांनी दिलेली होती. माझ्या घरी सगळं ठाऊक होतं. शालनच्या घरी काहीच ठाऊक नव्हतं.

हे लक्षात ठेवा. मला हे पक्कं माहीत होतं.

पोहायला मी आधी शिकले. पण शालनचा डबा सुटला तेव्हा ती माझ्या पुढे निघून गेली. मैदानावर ती पुढे होतीच, लांब उडीत पुढे, खो-खोत तर काय विचारूच नका. आता पाण्यातही. ग्राउंडवर पोरं म्हणायला लागली, यंदा ढाल कागलला जाणार. मी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवायची. पोटात दुखत असलं की टाळ्या जास्त जोरात वाजतात, कधी बघा.

विलासवर माझा जीव होता, म्हणून मी तसं वागले — असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. लोक समजून घेतात. पण तसं काही नव्हतं. मला ढाल हवी होती. एवढंच.

एका रविवारी मी शालनच्या गावी गेले. ती दूध घालायला डेअरीवर जाते ती वेळ साधून गेले. आत्तीनं मला दुधाचा पेला दिला. आण्णा गोठ्याच्या तोंडाशी दावं वळत बसला होता. आत्तीनं विचारलं, "पोरगी लई उशिरा याय लागलीया सांजंची. कुठं असती गं?"

जीभ घसरली म्हणू? नाही घसरली. तिनं विचारलं नसतं तरी मी बोलणारच होते. ते वाक्य मी एसटीत बसून पाठ केलं होतं.

मी म्हणाले, विलास म्हणून एक मुलगा आहे, तो तिला विहिरीत पोहायला शिकवतो.

यात खोटं काय आहे? शोधून बघा. अक्षरही खोटं नाही. फक्त मीही तिथे असते, हे सांगितलं नाही. तो काठावर असतो, हे सांगितलं नाही. ही कॉलेजची जुनी रीत आहे, हे सांगितलं नाही. आण्णाचे हात थांबले. त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल, ते मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेव्हा तरी तोंड उघडायचं! मी दूध पीत राहिले. आणि निघताना आत्तीला हळूच म्हणाले, माझं नाव सांगू नका, शालनला वाईट वाटेल. आत्ती म्हणाली, "तुजं नाव न्हाय येनार बाई. द्येवाशप्पत."

तेवढ्यात शालन आली. मला बघून तिला इतका आनंद झाला! स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "उद्या दोरी बी नको मला. बगतोच कसं जमत न्हाय त्ये." मी म्हणाले, जमेल की. एसटी सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती.

ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

तिचं फक्त पोहणं बंद होईल, एवढंच माझ्या मनात होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तेही खोटं. आण्णाचा राग कसा आहे, ते शालननंच मला सांगितलं होतं. परीक्षेआधीच तिचं लग्न लावून दिलं, पार सीमेपलीकडे, चिकोडीच्या बाजूला. आणि आण्णा चार माणसं घेऊन विलासला गाठायला आला. विलासचा उजवा खांदा निखळला. तो पुन्हा कधी धड बसला नाही. पोलिसात जायचं नाही, असं विलासनंच घरच्यांना सांगितलं — पोरीचं नाव निघंल म्हणून.

मला ढाल मिळाली. पाण्यात मुलींमध्ये माझ्यासमोर कुणी नव्हतंच.

फेटा बांधायला विलासच आला. हात गळ्यात बांधलेला. प्राचार्य म्हणाले, दुसरा कुणीतरी बांधेल. तो ऐकेना. फेट्याचं एक टोक दातांत धरलं आणि डाव्या हातानं एकेक पेच घालत राहिला. वेळ लागला. सभागृहात टाळ्या चालू होत्या. त्याच्या श्वासाला औषधाचा वास येत होता. शेवटचा पेच खोचताना तो हळूच म्हणाला, "तुझ्या घरी कुणी काय म्हनलं न्हाय न्हवं? बरं झालं. एक तरी सुटली."

तो फेटा माझ्या डोक्यावर होता आणि मी फोटोसाठी हसले. तोच फोटो आता छापलाय.

त्या वर्षानंतर ढालकऱ्यानं शिकवायची रीत कॉलेजनं बंद केली. भानगड नको म्हणून. मग मुलींना पोहायला शिकवणारं कुणी उरलं नाही, आणि माझ्या नावाच्या पुढच्या कितीतरी पट्ट्या मुलांच्याच आहेत. मी इतिहासात लिहिलंय, 'ही परंपरा काळाच्या ओघात मागे पडली.' काळाच्या ओघात! काळाला काय, कुणीही काहीही चिकटवावं.

इथंच थांबले असते तर निदान म्हणता आलं असतं, वय कोवळं होतं. पण पुढचं आहे. तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते.

नृसिंहवाडीला घाटावर मला कुणीतरी हाक मारली. "नीले!" शालन. सुकलेली, समोरचे दोन दात नाहीत, पण हाक तीच. सोबत तिची तरणी मुलगी. तिला म्हणाली, "ही बग, पैली ढालकरीण. माज्यासंगं पळायची." अभिमानानं सांगत होती, खरंच. ती मुलगी माझ्या पाया पडली. लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून स्नान करत होते. शालन पायरीवर उभी राहून तांब्यानं अंगावर पाणी घेत होती. मी म्हटलं, उतर की. म्हणाली, "न्हाय गं. लगीन झाल्यापास्नं पान्यात पाय घातला न्हाय. मालकांनी आन घातलीया."

मग मुलगी नारळ आणायला गेली तशी ती माझ्याजवळ सरकली.

"आण्णाला कुणी सांगटलं, आजून कळलं न्हाय बग. आण्णा बी गेला, आत्ती बी गेली, कुणी तोंड उगाडलं न्हाय. त्यो विलासच बोलला असंल कुठंतरी चारचौघांत, फुशारकी मारत. व्हय न्हवं?"

ती माझ्याकडे बघत होती. घाईनं नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी म्हणाले, "हो. त्याचा स्वभाव तसाच होता."

तिनं विलासला एक शिवी दिली. घाणेरडी. माझं वाटोळं केलं मेल्यानं, म्हणाली, आणि डोळे पुसले. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग तिनं मला तिचा नंबर दिला, अधनंमधनं बोलत जा म्हणाली.

विलास कागलच्या एमआयडीसीत वॉचमन आहे. त्याचा नंबर माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहे. शालनचा माझ्या फोनमध्ये आहे. दोघेही जिवंत आहेत. दर दसऱ्याला दोघेही मला सोनं पाठवतात, फोनवर, आपट्याच्या पानाचं चित्र. मी दोघांनाही उलट पाठवते.