काळेवाडीचा वळसा

आमच्या कंपनीची बस वाकडहून चाकणला जाताना काळेवाडीच्या आतल्या रस्त्यात शिरायची. फक्त एका माणसासाठी. तो टूल-स्टोअरला होता. लहानपणीच्या पोलिओने त्याचा डावा पाय बारीक राहिलेला, म्हणून जुन्या साहेबांनी बस त्याच्या दारापर्यंत न्यायची सोय करून दिली होती.

साहेब निवृत्त झाले आणि बसमध्ये कुरबुर सुरू झाली. भाजीच्या हातगाड्यांतून वाट काढण्यात दहा मिनिटं जायची. मी प्लॅनिंगला. गणित मीच मांडलं, बसमध्ये उभं राहून: चाळीस माणसं, प्रत्येकाची दहा मिनिटं, म्हणजे रोजची चारशे मिनिटं; बदल्यात एकाने फाट्यापर्यंत चालायचं. कॉलेजात उपयुक्ततावाद शिकलो होतो. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. ते मला मनापासून पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही बरंचसं पटतं.

"पटतंय त्यांनी हात वर करा," मी म्हणालो. भराभर हात वर झाले. मग त्याचाही झाला.

"व्हय राव, माज्या एकट्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला?" तो हसत म्हणाला.

मागून कुणीतरी ओरडलं, "याला म्हणतात मोठ्या मनाचा माणूस!" टाळ्या पडल्या. मी त्याचाही हात मोजला आणि ऑफिसात कळवलं, एकमताने ठरलंय.

त्या दहा मिनिटांचं आम्ही काय केलं? गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायलो. चारशे मिनिटं कुणालाच मिळाली नाहीत, ज्याला त्याला दहाच. चालणं मात्र सगळंच्या सगळं एकाच्याच पायात साठत गेलं. त्याचा गुडघा सुजला, रजा वाढल्या, शेवटी त्याने नोकरी सोडली. निरोपाचं भाषण मीच केलं, त्याच्या मोठ्या मनावर. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

यंदा लाइनवर काम करणारी एक मुलगी फाट्यावरून बसमध्ये चढू लागली. काळेवाडीच्या त्याच भागातली, सहावा महिना लागलेला. एका सकाळी ड्रायव्हर तिला म्हणाला, "उद्यापासून आत येतो, दारात थांबा." ती गडबडून म्हणाली, "नको नको, माझ्या एकटीसाठी कशाला?"

मी बोलायचं म्हणून घसा खाकरला, तोवर पुढच्या सीटवरचा एक ट्रेनी म्हणाला, "ताई, बसा हो गपचूप. दहा मिनिटं लवकर पोचून आम्ही काय रॉकेट सोडणारे? चहाच ढोसणार!" सगळी बस हसली. विषय संपला. कुणी गणित मांडलं नाही, कुणाला हात वर करायला लावले नाहीत. माझ्या बोलण्याची गरजच पडली नाही, याचं मला इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मी टूल-स्टोअरवाल्याच्या घरी गेलो. तो आता पुढच्या खोलीत मिक्सर दुरुस्त करतो. सगळं सांगून टाकलं. गणित, मोजलेला हात, भाषण.

"बस परत आत येताना दिसतीया," तो म्हणाला. "कुणासाठी?"

"एका गरोदर मुलीसाठी."

"अन् कोण काय बोलत न्हाई?"

"नाही."

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मंग मी बी तवा हात वर करायला नको व्हता."

"मी तो मोजायला नको होता."

तो आत बघून म्हणाला, "अगं, चहा टाक. ह्यो दहा मिनिटं बसतोय."

सोमवारी बस आत शिरली तेव्हा तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता. मला बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि समोरच्या भाजीवाल्यावर खेकसला, "ए भावा, गाडी घे की बाजूला! आमच्या कंपनीची बस हाय!"