नकाब उचलायला मी सांगितलं

"वर कर."

मोठे बाबू एवढंच म्हणाले. माझ्या बायकोकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून. जसं कापडाच्या दुकानात म्हणावं, तो तागा उघड.

बुलढाण्याच्या सरकारी ऑफिसात आठ माणसं होती. मी मोजली, कारण नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती. मोठे बाबू धरून चार बाबू, एक चपराशी, शेतीच्या कागदासाठी आलेले दोघं, आणि कोणाचा तरी एक पाहुणा. तो बशीतून चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली, नीट पाहता यावं म्हणून.

मी तिला म्हटलं, "उचल."

तिनं जाळीतून माझ्याकडे पाहिलं. मग नकाब वर केला.

हे कशानं झालं ते सांगतो. आमचं गाव देऊळघाट. मी शिंपी. माझी खाला, म्हणजे आईची सख्खी बहीण, फाळणीच्या वक्ताला नवऱ्यासोबत कराचीला गेली. दोघी बहिणींनी माझं आणि खालाच्या मुलीचं लग्न आधीच ठरवून टाकलेलं. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी मुंबईहून बोटीनं तिकडे गेलो, निकाह केला आणि तिला घेऊन आलो. तिच्या पासपोर्टवर तीन महिन्यांचा शिक्का. तेवढ्यात इथं राहायची परवानगी मिळाली तर ती माझ्या घरात राहणार. नाहीतर परत.

अर्जाला तिचा फोटो लागत होता. ती म्हणाली, तोंड दिसलं पाहिजे, पासपोर्टातही तसाच आहे. मी म्हटलं, "तो बापाच्या घरचा. आता तू माझ्या घरची." माझी आई म्हणाली, आपल्यातल्या बाईचं तोंड फोटोवाल्यानं पाहिलं तर गावात काय तोंड दाखवू? मग मी तिला बुरख्यातच बुलढाण्याला फोटोवाल्याकडे नेलं. बुरखा मीच शिवलेला. फोटोवाला हसून हसून लाल. म्हणाला, "मास्तर, हे तं सांगा, फोकस कुठं मारू?" मी त्याला दटावलं. इज्जतीची गोष्ट होती. त्यानं फोटो काढला. काळा बुरखा, मागं रंगवलेला बगीचा. मला तो फोटो आवडला होता. खोटं कशाला सांगू.

मोठ्या बाबूंनी तो फोटो उचलून सगळ्यांना दाखवला. "पासपोर्टात बाई, अर्जावर गोधडी. हे काय हाय बे?" हातोहात फिरला फोटो. मग म्हणाले, खरी बाई कोणती ते पाहावं लागेल. वर कर.

फोटोवाल्याला, एका म्हाताऱ्या माणसाला, जे तोंड मी दिसू दिलं नाही, ते आठ माणसांसमोर मीच उघडायला लावलं.

ते पाहत राहिले. पासपोर्टाशी जुळवायला किती वेळ लागतो? पाहुणा म्हणाला, "तिकडचा माल हाय, उजेडात पाहून घ्या." सगळे हसले.

मीही हसलो.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्यांना वाटलं, कराचीची बाई, हिला काय समजतं. पण खाला घरात उर्दू बोलायची आणि राग आला की वऱ्हाडी. तिच्या पोरी शिव्या, टोमणे, रुसवे सगळे वऱ्हाडीत शिकल्या होत्या. माझ्या बायकोनं तोंड तसंच उघडं ठेवलं आणि म्हणाली,

"पाह्यलं? मन भरलं? आता लिवा त्या कागदावर. आठ माणसायनं पाह्यलं, बाई खरी हाय."

शेतीवाल्या दोघांपैकी एकानं मान खाली घातली.

आणि मी, तिचा नवरा, पुढं झालो. हात जोडले. "साहेब, माफी करा. परमुलखातली हाय. तिले समजत नाई." तिला म्हटलं, "चूप बस."

मोठ्या बाबूंनी अर्ज परत फेकला. "समजते तं सारंच. जा. लेखी माफीनामा आन, तिच्या सहीचा. मंग पाहू."

शिक्का संपायला अकरा दिवस उरले होते.

मोटार स्टँडवर ती म्हणाली, "त्या बाबूचं मले नवल नाई. तुमचं हाय." रागात होती, म्हणून वऱ्हाडीत.

घरी आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बाबू वंगाळ बोलला, मी त्याला झाडला. का म्हटलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हॉटेलात लोक म्हणाले, "शिंपीभाऊनं सुई नाई, दाभनच टोचला!" मी चहा पीत राहिलो. कोणाला नाही म्हटलं नाही.

आणि दाराला कडी लावून माफीनामा लिहिला. सातवीपर्यंतची मराठी कामी आली. 'मी अडाणी बाई असून मला बोलण्याची रीत नाही.' तिच्यापुढं ठेवला. तिनं पूर्ण वाचायला लावला, मराठी अक्षर तिला येत नव्हतं. ऐकलं. मग ट्रंक ओढली आणि कपडे भरू लागली. "परत जाईन. सही नाई करनार."

आठ दिवस गेले. ट्रंक दारातच होती. येता-जाता पायाला लागायची.

नवव्या दिवशी मी एकटाच माफीनामा घेऊन ऑफिसात गेलो. मोठ्या बाबूंनी कागद पाहिला. "सही?"

"तिनं केली नाई."

"मंग तू कर तिच्या नावानं. इथंच. कोन पाह्यते?" पेन माझ्याकडे सरकवला.

पेन उघडला. टोक कागदाला लागलं. कागदावर सगळं तिच्या तोंडून होतं, आणि एकही शब्द तिचा नव्हता. नावही मीच लिहिणार होतो.

"नाई करत," मी म्हटलं.

"काय म्हनतं?"

"तिनं खरं सांगतलं होतं. मोजनीत तेवढी चुकली. आठ माणसं नव्हते, नऊ होते. नववा मी."

"बायको जाईन बे तुही."

"गेली तं मी तिच्या मांगं जाईन. पन हा कागद भेटनार नाई."

शूर वगैरे काही नव्हतो. बाबूंच्या वरचे जे मोठे साहेब, त्यांच्या दाराशी जाऊन बसलो. चार वाजता त्यांनी आत घेतलं, ऐकून घेतलं, तोंड दिसेल असा नवा फोटो मागितला. तो नेऊन दिला. परवानगी मिळाली. एक वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच टेबल, तेच बाबू.

सही नाकारली त्या दुसऱ्या खेपेची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. ती सांगायची तर आधी पहिली सांगावी लागते. गावात खोटी चालत राहिली. ईदला, लग्नात, कोणीतरी काढायचंच. बायको उठून आत जायची.

परवा मुलीनं शाळेत 'माझे वडील' निबंध लिहिला. घरी वाचून दाखवला. 'माझ्या वडिलांनी भर ऑफिसात बाबूला सुनावले.' मग आईला विचारलं, "अम्मी, तेव्हा तू काय केलं?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी? मी उभी होती."

मी तेव्हाही गप्प राहिलो. तीच शेवटची वेळ.

हे लिहून झालं की आधी मुलीला वाचून दाखवणार. शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या अंगणात सांगणार, जे मला वाघ म्हणत आले त्यांनाच. हसतील. हसू द्या. यंदाची मुदत संपत आली आहे. या वेळी अर्ज ती देईल, बोलेल ती. मी शेजारी उभा राहणार, हात न जोडता. तिला चूप बस म्हणणाऱ्याची आधी माझ्याशी गाठ आहे. मग ते म्हणणारं तोंड माझं का असेना.