रांगेसाठी थांबलेली घंटा

करमरकर काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते डोंबिवलीच्या एका नाट्यगृहात, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर. मध्यंतर होतं. आमची रांग जिन्यापर्यंत गेलेली. काका भिंतीशी पाठमोरे उभे राहून अधूनमधून विचारत होते, "किती जणी राहिल्या?" मी मुरबाडहून शिकायला आलेली, मला ते विचित्रच वाटलं. पुढची बाई म्हणाली, "अगं, ते व्यवस्थापक आहेत. आपण जागेवर बसल्याशिवाय तिसरी घंटा देत नाहीत."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. पहिली नोकरी काकांनीच दिली, तिकीटखिडकीवर. ते उपकार मी विसरलेली नाही.

"रांग संपली नाही, तर मध्यंतर संपलं कसं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन्हीकडे खोल्या सारख्याच आहेत, असं कुणी म्हटलं की चष्मा पुसत म्हणत, "खोल्या सारख्या, वेळ सारखा नाही. साडी सावरायची, लेकरू सांभाळायचं. पुरुष बटाटावडा खाऊनसुद्धा आधी परततात."

एकदा एक निर्माता भडकला. "काका, पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा आहे! तुमच्या बायकांपायी माझा प्रयोग लांबतो."

"माझी एकच आहे हो," काका म्हणाले.

तक्रार वर गेली. पुन्हा उशीर झाला तर नोकरीवर गदा येईल, अशी तंबी मिळाली. निवृत्ती तोंडावर होती. पुढच्या प्रयोगाला काकांनी घंटा अगदी वेळेवर दिली. पडदा उघडला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या. नायिकेचं हुकमी वाक्य आलं, हशा आलाच नाही. मग बायका अंधारात "सरका हो जरा" करत शिरू लागल्या. प्रयोग संपल्यावर निर्माता स्वतः आला. "काका, घंटा तुमच्या हिशोबानं द्या. वर मी बोलतो."

हा हट्ट कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "आमची ही. प्रत्येक नाटकानंतर घरी जाताना विचारायची, 'मी रांगेत होते तेव्हा काय झालं हो?' मी सांगायचो. पण सांगितलेलं नाटक ते काय नाटक?"

निवृत्तीच्या दिवशी ते काकूंसोबत प्रेक्षकांत बसले. घंटा त्यांनी माझ्याकडे सोपवली होती. मध्यंतरात राहवेना म्हणून उठून आलेच. "अगं, वेळ झाली ना?"

"काकू रांगेत आहेत."

ते परत जागेवर जाऊन बसले. काकू आल्या, पदर सावरून टेकल्या, मग मी घंटा दिली.

नाटक सुटल्यावर दोघं माझ्यासमोरून बाहेर पडली. दुसरा अंक कसा सुरू झाला, ते काकू हातवारे करून सांगत होत्या. काका, जणू तिथे नव्हतेच, असं ऐकत होते.