सगळ्या प्रश्नांना ‘हो’

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते, शिक्षण चौथीपर्यंत. माझ्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी बुवापाड्यातल्या आमच्या खोलीच्या दारात उभे राहून ते एकच सांगायचे, "एक पण प्रश्न कोरा सोडायचा नाय. येत नसला तरी काय ना काय लिहून यायचं." बऱ्याच विषयांत मी याच सल्ल्यावर पास झालो, हे कबूल करायला हवं.

नव्वदच्या दशकात कंपनीने मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं. तोवर माझं जपान म्हणजे उल्हासनगरचा जपानी बाजार, जिथे आई कापड घ्यायची. निघताना पाड्यातल्या लोकांनी विहारात माझा सत्कार केला. मीही भाषणात "तुमचं नाव राखीन" वगैरे बोलून बसलो. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दाढ ठणकायला लागली, तेव्हा दुखण्यापेक्षा भीतीच जास्त वाटली. कंपनीला कळलं तर आजारी माणूस म्हणून परत पाठवतील! असा नियम मला कुणीच सांगितला नव्हता. तो माझा मीच केला होता.

आईने दिलेल्या लवंगा संपल्यावर एका शनिवारी गुपचूप दातांच्या दवाखान्यात गेलो. दारात बूट काढून सपाता घालायच्या होत्या. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, तो लपवत काउंटरपाशी पोचलो. तिथल्या बाईंनी एक जपानी फॉर्म दिला. वीसेक प्रश्न, प्रत्येकापुढे ‘हो’ आणि ‘नाही’. हे दोन शब्द मला वाचता येत होते. बाकी मजकुरात फक्त ‘तोंड’ हे अक्षर ओळखू आलं, आणि तोंडासाठीच आलोय म्हणून धीर आला.

शहाण्या माणसाने "वाचता येत नाही" म्हणून कागद परत केला असता. पण समोर प्रश्नपत्रिका आली की माझा हात थांबत नाही. ट्रेनिंगच्या कारखान्यात तीन आठवडे सगळ्याला ‘हो’ म्हणून निभावलं होतं. शिवाय डॉक्टरला ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. सगळ्या ‘हो’भोवती गोल केले, दोनदा तपासले आणि पेपर दिला.

बाईंनी फॉर्म वाचला, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि आत धावल्या. म्हातारे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हळूहळू काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो." मग त्यांनी मला खुर्चीवर बसूच दिलं नाही. माझं कंपनीचं कार्ड मागून घेतलं आणि फोन लावला.

अर्ध्या तासात आमचे सुपरवायझर कामाच्या कपड्यांतच हजर. मी वर्गात सर आल्यासारखा उभा राहिलो. फॉर्म वाचून त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं,

"हृदयाचा आजार आहे?"

"नाही, सर."

"भुलीचं इंजेक्शन सोसत नाही?"

"सोसतं, सर."

त्यांनी पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि बाळ कितव्या महिन्यात आहे?"

काउंटरवरच्या बाईंचं तोंड फाईलमागे गेलं. मला हसू आलं, पण हसलं की दाढेत कळ जाई, त्यामुळे डोळ्यांतून पाणीच आलं. त्याच भरात विचारून टाकलं, "सर, मला परत पाठवणार?"

"कुठे?"

"भारतात. दाढ दुखते म्हणून."

त्यांनी ते डॉक्टरांना जपानीत सांगितलं. डॉक्टर कितीतरी वेळ हसत होते. सुपरवायझरनी स्वतःचं तोंड उघडून चांदीसारख्या तीन दाढा दाखवल्या. "मग आधी मला पाठवावं लागेल," ते म्हणाले. नवा फॉर्म घेऊन ते माझ्या शेजारी बसले आणि एकेक प्रश्न हातवारे करून समजावू लागले. सगळ्यांना मी ‘नाही’ म्हटलं, फक्त ‘दुखतंय का?’ला ‘हो’. दाढ वाचली. सोमवारी मी कामावर होतो.

घरी पत्रात लिहिलं, ‘इथे डॉक्टरांकडे एक पेपर दिला, एकही प्रश्न सोडला नाही.’ वडिलांनी ते पत्र शेजारच्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि पाडाभर दाखवलं. परतल्यावर कोपऱ्यावरच्या मावशींनी अडवलंच, "काय रं, तिकडं डाक्तरकीची परीक्षा पण दिलीस म्हणं?"

वडील शेजारीच उभे होते, ताठ. मी म्हटलं, "हो."